पश्मिन्याचा स्वेटर घरी धुऊन वापरताना: दोन हिवाळे, दोन पावसाळे

लेहच्या बाजारात हा स्वेटर घेतला त्याला या सप्टेंबरात दोन वर्षं झाली. दोन हिवाळे तो अंगावर होता, दोन पावसाळे कपाटात. सहा वेळा घरी धुतला, एकदा ड्रायक्लीनरकडे दिला, एकदा त्याला कसर लागली आणि एकदा मी तो रफू केला. एवढं होऊनही आज तो घेतला त्या दिवसापेक्षा मऊ आहे. आपल्याकडच्या हवेत, रोजच्या वापरात ही लोकर टिकते का, असं शाळेतल्या मैत्रिणींनी बऱ्याचदा विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी वस्तूबद्दल. बायकांच्या एका गटाच्या छोट्या दुकानातून घेतला. हाताने विणलेला, दुपदरी सुताचा, न रंगवलेला, बकरीच्या मूळच्या बदामी रंगाचा. किंमत १३,५०० रुपये. घरच्या काट्यावर वजन २८० ग्रॅम. जग जिला कॅशमियर म्हणतं ती हीच लोकर. लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावर, चौदा हजार फुटांच्याही वर, हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. तिथल्या बकऱ्यांना वरच्या राठ केसांखाली थंडीपुरती एक बारीक लव येते. थंडी सरली की ती सुटू लागते आणि चांगपा पशुपालक ती कंगव्याने विंचरून काढतात. एका बकरीची वर्षाची लोकर साधारण पाव किलो, आणि त्यातले राठ केस वेगळे केले की निम्म्याहून कमी उरते. म्हणजे माझ्या या एका स्वेटरात जवळपास तीन बकऱ्यांची वर्षभराची लव आहे. हे कळल्यापासून तो बादलीत सोडताना माझा हात आपोआप हळू होतो.

खऱ्या-खोट्याची शंका सगळ्यांना असते. दुकानातल्या ताईने स्वेटरबरोबर एका पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं तीन-चार मीटर सूत दिलं होतं. त्यातला बोटभर तुकडा घरी चिमट्यात धरून जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरली जाणारी काळी राख उरली. ॲक्रिलिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता. पण ही परीक्षा एवढंच सांगते की धागा प्राण्याच्या केसांचा आहे. साधी मेंढीची लोकरही अशीच जळते. पश्मिना ओळखण्यासाठी आणि त्यावर लेबल लावण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०१९ मध्ये मानक काढलं आहे, तेव्हा महाग वस्तू घेताना लेबल आणि तपासणीबद्दल दुकानदाराला जरूर विचारा. ते उरलेलं सूत मात्र जपून ठेवा. माझ्या स्वेटरचा जीव पुढे त्यानेच वाचवला.

नाशिकची थंडी काही लडाखची नाही. पण माझी शाळा सकाळी सातची, आणि डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला स्कूटर काढली की गंगापूर रोडवर हुडहुडी भरते. शेजारच्या निफाडला तर पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. आधी मी जाड ॲक्रिलिकचा स्वेटर घालायचे. त्यात गाडीवर वारा लागायचा आणि वर्गात घाम यायचा. हा त्याच्या निम्म्या जाडीचा, पण वर्गात दहा वाजेपर्यंत अंगावर ठेवला तरी घुसमट होत नाही. लोकर हवेतला आणि अंगाचा दमटपणा स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतका पिऊन घेते आणि तरी हाताला कोरडी लागते, हे त्याचं कारण. आत कायम सुती शर्ट घालते. त्यामुळे घाम थेट लोकरीला लागत नाही आणि आठ-दहा वेळा घातल्यावरच धुवावा लागतो.

पहिल्या जानेवारीत घरी धुवायची हिंमत झाली नाही. आमच्या भागातल्या एका ड्रायक्लीनरकडे दिला. चार दिवसांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत परत आला तो पापडासारखा चपटा होऊन. मनगटाची आणि कमरेची पट्टी गरम इस्त्रीने दाबून टाकलेली, तिचा लवचीकपणा गेलेला, आणि सगळ्या कापडाला रसायनाचा उग्र वास. तीन दिवस खोलीत पसरून ठेवला तेव्हा वास गेला. मला मनापासून वाईट वाटलं. लेहहून निघताना त्या ताईने स्पष्ट सांगितलं होतं, "दीदी, ठंडे पानी में शैंपू से धोना, निचोड़ना मत, धूप में मत डालना." मी ते ऐकलं होतं, पण एवढी महाग वस्तू आणि बादलीतलं पाणी यांचा मेळ मनात बसत नव्हता.

फेब्रुवारीत सासूबाईंनीच विषय काढला. "अगं, आमच्या शालू-शाली आम्ही घरीच धुवायचो. रिठे घाल की! साबण कशाला हवा?" मी म्हटलं, "आई, आकसला तर?" त्या म्हणाल्या, "रिठ्याने नाही आकसत. घासलंस तर आकसेल."

त्यांचं ते शेवटचं वाक्य अगदी शास्त्रशुद्ध आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. पश्मिन्याचा तंतू १२ ते १५ मायक्रॉनचा, आपल्या डोक्याचा केस त्याच्या चार-पाच पट जाड. ओल्या तंतूंना उष्णता आणि घासणं एकदम मिळालं की हे खवले एकमेकांत अडकत जातात आणि उलटे सुटत नाहीत. मग विण घट्ट होत होत नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेल्या लोकरीचा जाड थर, बनते. आमच्या घरात हे आधी घडलेलं आहे. यांचा मेरिनोचा मफलर मी एकदा गीझरच्या कढत पाण्यात टाकून ब्रशने घासला होता. तो अर्धा झाला, पुठ्ठ्यासारखा ताठ झाला आणि परत कधीच सुटला नाही.

रिठ्याचं पाणी असं केलं. आठ रिठे फोडून बिया काढल्या, साली दोन भांडी कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्या, सकाळी हाताने कुस्करून जुन्या मलमलमधून गाळलं. चहाच्या रंगाचं, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी. गाळायला आळस करू नका, नाहीतर सालींचे कण विणीत अडकतात आणि घातल्यावर टोचतात.

धुण्याआधी स्वेटर जुन्या चादरीवर सपाट पसरला आणि कडेकडेने लाल दोऱ्याने धावदोरा घालत त्याचा आकार चादरीवर उतरवून घेतला. छातीशी ४८ सेंटिमीटर, उंची ६१. ही चादर मी आजही फक्त याच कामाला वापरते. धुण्याच्या सगळ्या खटाटोपात हे पाऊण तासाचं काम मला सर्वात मोलाचं वाटतं, कारण ओला स्वेटर कोणत्या मापाला बसवायचा हा प्रश्नच मग उरत नाही.

मोठ्या टबात थंड पाणी, त्यात थोडं गरम, मनगट बुडवलं तर ना ऊन ना गार असं. त्यात रिठ्याचं पाणी ओतून आधी फेस केला, मग स्वेटर उलटा करून सोडला. पहिली दोन मिनिटं तो पाण्यावर तरंगतच होता. दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबून बुडवला तेव्हा आतून बारीक बुडबुडे निघाले, आणि हळूहळू त्याच्याभोवतीचं पाणी मळकट होत गेलं. घासायचा नाही, चोळायचा नाही, फक्त दाबायचा आणि सोडायचा. मनगट आणि गळ्याची पट्टी जरा जास्त वेळा दाबली. दहा मिनिटांत काम झालं. मग टब तिरका करून पाणी ओतलं. स्वेटर वर उचलून धरला नाही. ओली लोकर जड आणि कमकुवत असते, खांद्याला धरून उचलली की स्वतःच्याच भाराने लांबते. तान्ह्या बाळाला न्हाणीतून उचलतात तसं खालून दोन्ही हातांनी घ्यायचं. तीन वेळा विसळला, तिन्ही वेळा पाणी तेवढंच कोमट. वास थोडा बकरीचा आला, थोडा रिठ्याचा. वाळल्यावर दोन्ही गेले.

मग जाड टर्किश टॉवेलवर पसरला, टॉवेलसकट सुरळी केली आणि गुडघ्यांनी दाबली. दुसरा कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा. पहिल्या टॉवेलआधी वजन केलं तेव्हा पाऊण किलोच्या वर होतं, दुसऱ्या टॉवेलनंतर साडेचारशे ग्रॅम. इतकं पाणी टॉवेल पितो, पिळायची गरजच पडत नाही. त्यानंतर लाल दोऱ्याच्या मापावर ठेवून बाह्या सरळ केल्या, कमरेची पट्टी बोटांनी जवळ सारली. ड्रायक्लीनरच्या इस्त्रीने मेलेली ती पट्टी या पहिल्याच धुण्यात पुन्हा जिवंत झाली. पंख्याखाली, बाजेवर, खालून हवा लागेल असा ठेवला. संध्याकाळी एकदा उलटला. दीड दिवसात खडखडीत वाळला. माप घेतलं, छाती ४८, उंची साडेएकसष्ट.

पुढच्या धुण्यांत मी साबण बदलून पाहिले. लोकरीसाठी मिळणारं ईझी वापरलं, तेही चांगलं आहे आणि घाईच्या दिवशी सोयीचं. मात्र बाटलीवर लिहिलं आहे त्याच्या निम्मंच मला पुरलं. जास्त घातलं की विसळता विसळता चार-पाच पाणी लागतात. एकदा लहान मुलांच्या शाम्पूने धुतला. स्वच्छ झाला, पण सुगंध आठवडाभर राहिला, मला तो आवडला नाही. कपड्यांची रोजची पावडर मात्र चुकूनही नको. ती अल्कधर्मी असते आणि बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम्स असतात. आमटीचा डाग प्रथिनाचा तशी लोकरही प्रथिनाचीच. एन्झाइमला दोन्हींतला फरक कळत नाही. कंडिशनरचीही गरज नाही.

माझा कौल रिठ्याला आहे आणि त्याला पाण्याचं कारण आहे. उन्हाळा जवळ आला की आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात. त्या जड पाण्यात साध्या साबणाचा पांढरा साका धरतो आणि लोकरीवर बसून ती राठ लागते. रिठ्याचा तसा साका होत नाही. एक इशारा द्यायला हवा. रिठ्याच्या पाण्याला स्वतःचा रंग असतो. माझ्या बदामी स्वेटरला त्याने काही झालं नाही, पण माझा पांढरा लोकरीचा स्कार्फ दोन धुण्यांनंतर पिवळसर दिसू लागला. पांढऱ्या आणि फिक्या रंगांना ईझीच बरं. आणि रिठ्याचं पाणी डोळ्यांत उडू देऊ नका, फार झोंबतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या महिन्यात काखेत आणि जिथे खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा घासतो तिथे बारीक गोळ्या आल्या, तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटलं होतं. पण आखूड तंतू सुरुवातीला सुटून वर येतात, ते खऱ्या पश्मिन्यातही होतं. बारीक दातांच्या कंगव्याने, स्वेटर सपाट ठेवून, एकाच दिशेने हलकेच काढल्या. दर धुण्यानंतर त्या कमी होत गेल्या, दुसऱ्या हिवाळ्यात जवळपास नाहीतच. गोळ्या कापणाऱ्या बॅटरीवरच्या लिंट रिमूव्हरच्या वाटेला मी गेले नाही; उंचवटा आला तर पाती धागाच कापते. शाळेची बॅग आता खांद्यावर न घेता स्कूटरच्या हुकला लावते, आणि एकदा घातला की मधे एक दिवस त्याला विश्रांती देते.

इथपर्यंतचं सगळं सोपं होतं. अवघड गेला तो पावसाळा.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत धुतल्यानंतर मी स्वेटर आणखी तीन वेळा घातला. होळीनंतर थंडी गेली. स्वच्छच तर दिसतोय, पुन्हा कशाला धुवायचा, असं म्हणून घडी घातली आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत, लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवून दिला. नवरात्राआधीच्या साफसफाईत बाहेर काढला तेव्हा पिशवी उघडताच कोंदट वास आला. उजव्या मनगटाच्या पट्टीवर डाळीच्या दाण्याएवढं भोक, कमरेजवळ दुसरं, त्याहून लहान. भोकाभोवती पांढुरकं जाळं आणि वाळूसारखे कण. कसर.

मनगटावर नेमकं तिथेच का, हे आठवायला वेळ लागला नाही. मार्चमध्ये डबा खाताना आमटीचा थेंब तिथे पडला होता आणि मी तो ओल्या रुमालाने पुसून विसरले होते. उडणारा बारीक सोनेरी पतंग स्वतः काहीच खात नाही, खातात त्याच्या अळ्या. त्यांना नुसती लोकर पुरत नाही, घामाचे, अन्नाचे, त्वचेच्या तेलाचे डाग असलेली लोकर हवी असते. हे पतंग दिव्याभोवती फिरत नाहीत, उजेडापासून पळतात, म्हणून वर्षभर घरात असले तरी दिसत नाहीत. माझा निंबाचा पाला मळक्या लोकरीपुढे काहीच करू शकला नाही. डांबरगोळ्या मी ठेवत नाही. त्यांतलं नॅप्थलीन श्वासातून जातं, आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. धाकट्या जावेचं बाळ आमच्याच घरात वाढतंय.

उपाय केला तो असा. स्वेटर अंगणात झटकला, झिपच्या पिशवीत घालून हवा काढली आणि फ्रीजच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे अठरावर, दोन आठवडे ठेवला. त्यातली अंडी आणि अळ्या मरायला एवढी थंडी आणि एवढे दिवस लागतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली नाही. दिवसभर तशीच ठेवली, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, लोकरीवर नाही. मग धुतला. त्याच दिवशी कपाट रिकामं करून कोपरे व्हॅक्यूमने साफ केले. अळ्या फळीच्या फटींतही असतात.

आणि मग रफू. आईला पुण्याला फोन केला. तिने आयुष्यभर विणलं आहे. ती म्हणाली, "आधी सुटलेले टाके दोऱ्यात ओवून घे, म्हणजे आणखी उसवणार नाहीत. आणि ओढू नकोस गं, ओढलंस की चुण्या पडतात." मनगटाची पट्टी उपड्या वाटीवर ताणली, दिव्यासमोर धरली. तीन टाके पूर्ण तुटले होते, दोन अर्धे. बोथट टोकाच्या सुईत पुठ्ठ्यावरचं ते सूत ओवलं आणि शाबूत टाक्यापासून सुरुवात केली. खालच्या टाक्यातून वर, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून फिरवून पुन्हा त्याच खालच्या टाक्यात. सुलट टाका जसा दिसतो तसाच सुईने काढायचा. पहिला वाकडा आला, उसवला. दुसऱ्यांदा जमला. पाच टाक्यांना दोन तास लागले, कमरेजवळच्या भोकाला अर्धा तास. धुतल्यावर लोकर फुलली आणि टाके एकमेकांत मिसळले. मनगटावरचं ठिकाण आज मलाच बोटाने चाचपून शोधावं लागतं. तिथे विण किंचित जाड लागते.

दुसऱ्या वर्षी ठेवण्याची पद्धत पूर्ण बदलली. शेवटचं धुणं होळीच्या आधी, हवा कोरडी असताना. पावसाळ्यात मी धुतच नाही. एकदा जुलैत स्कार्फ धुतला होता, तो तीन दिवस वाळला नाही आणि कुबट झाला. धुऊन वाळला तरी आणखी दोन दिवस पंख्याखाली ठेवते, कारण लोकर हाताला कोरडी लागली तरी आत ओल असू शकते. मग सासूबाईंच्या जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळायचा, प्लॅस्टिकमध्ये नाही. गुंडाळण्याआधी डाग आहे का हे खिडकीच्या उजेडात पाहायचं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कोरड्या भिंतीच्या बाजूला. बरोबर वेखंडाची पुरचुंडी ठेवते, सासूबाईंचा त्यावर फार विश्वास आहे आणि मला तो वास आवडतो. पण आमचा स्वेटर वाचला तो मुख्यतः स्वच्छ ठेवल्याने, असंच मी म्हणेन. श्रावणात उघडीप मिळाली की दोनदा बाहेर काढून झटकला, तासभर सावलीत हवा दिली आणि घडी दुसरीकडे मोडून परत ठेवला. अळ्यांना शांतता लागते, ती मिळू द्यायची नाही.

परवा, नवरात्राआधीच, साडीची गाठ सोडली. कुबट वास नाही, जाळं नाही. दिव्यासमोर धरून बाह्या, काख, गळा, सगळं पाहिलं. नवीन भोक एकही नाही. छाती आज साडेअठ्ठेचाळीस, अर्धाच सेंटिमीटर वाढलेली.

घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हो आहे, दुपदरी सूत आणि न रंगवलेली लोकर मिळत असेल तर नक्की. ज्यांच्याकडे सपाट पसरायला कोरडी जागा नाही किंवा महिन्यातून एकदा टबापाशी अर्धा तास बसणं होणार नाही, त्यांनी थांबावं. एक दोष दिसू लागला आहे. डाव्या कोपराला, जिथे वह्या तपासताना हात टेबलावर टेकतो, तिथे विण पातळ झाली आहे; उजेडात धरलं की आरपार दिसतं. पुठ्ठ्यावर अजून दीड मीटर सूत शिल्लक आहे. ते मी या कोपरासाठी राखून ठेवलं आहे, थंडी सुरू व्हायच्या आत आई येईल तेव्हा तिच्यासमोर बसून भरून घेणार आहे.